ग्रॉग म्हणजे नेमकं काय? एका डगल्याचं नाव आणि एका हुकमाचं पाणी

बंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

परवा भाचीचा फोन आला होता. सर्दीची गोळी घेतल्यामुळे डोकं जड झालं होतं तिचं. म्हणाली, "मामा, अगदी ग्रॉगी झालेय." मी विचारलं, ग्रॉगी शब्द ज्यावरून आला तो ग्रॉग काय असतो, माहीत आहे का? माहीत नव्हतं. मग अर्धा तास तिला सांगत बसलो, आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे इथे नीट लिहून काढावं.

मी व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये नोकरी केली. सुरुवातीच्या एका बोटीवर आमचे सेकंड इंजिनिअर स्कॉटिश होते आणि त्याआधी तरुणपणी ब्रिटिश आरमारात होते. "टॉट" हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. टॉट म्हणजे खलाशाला रोज मिळणारं रमचं माप. मला आठवतं ते असं की हे गृहस्थ रमच्या चवीबद्दल फारसं बोलत नसत. बोलायचे ते रांगेबद्दल, पिंपाबद्दल, माप धरणाऱ्या हाताबद्दल. त्यांना असं का वाटायचं, ते मला पुष्कळ वर्षांनी वाचन वाढल्यावर उमगलं.

मुळापासून सांगतो. शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश खलाशाला दिवसाला एक गॅलन बिअर मिळे, म्हणजे साडेचार लिटरच्या आसपास. लाकडी पिंपातलं पाणी काही आठवड्यांत शेवाळून जाई, त्यामुळे बिअर हेच प्यायचं पाणी. पण उष्ण समुद्रात बिअरही टिकत नसे. १६५५ साली इंग्रजांनी स्पेनकडून जमैका बेट घेतलं आणि तिथल्या जहाजांवर बिअरच्या जागी रम येऊ लागली. रम खराब होत नाही, जागाही कमी अडवते. १७३१च्या आरमारी नियमावलीत हिशेब पक्का झाला: एक गॅलन बिअरऐवजी अर्धा पिंट रम. म्हणजे पाव लिटरच्या आसपास कडक दारू, रोज, माणशी, पाणी न घालता.

परिणाम काय झाले असतील ते डोलकाठीवर चढलेला माणूस डोळ्यांसमोर आणलात की कळेल.

आता ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन. १७३९च्या नोव्हेंबरात त्याने फक्त सहा जहाजं घेऊन पनामाच्या किनाऱ्यावरचं पोर्तोबेलो हे स्पॅनिश बंदर जिंकलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत झाला. लंडनच्या पोर्टोबेलो रोडचं नाव त्याच विजयाच्या आठवणीतून आलेलं आहे. हा माणूस डेकवर ग्रोग्रॅमचा डगला घालून वावरायचा. ग्रोग्रॅम म्हणजे रेशीम, लोकर, मोहेर यांचं जाडंभरडं कापड, डिंकाने ताठ केलेलं; मूळ फ्रेंच शब्द ग्रो ग्रँ, म्हणजे जाड पोताचं. त्यावरून खलाशांनी त्याचं नाव पाडलं "ओल्ड ग्रॉग". आपण एखाद्याला त्याच्या टोपीवरून हाक मारतो तसंच.

२१ ऑगस्ट १७४० रोजी जमैकात असताना त्याने आपल्या कप्तानांना हुकूम काढला. अर्ध्या पिंट रममध्ये एक क्वार्ट पाणी मिसळायचं, म्हणजे एकास चार. ते एकदम द्यायचं नाही, दोन वेळा वाटायचं: सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान आणि दुपारी चार ते सहाच्या दरम्यान. एकास चार मिसळलं की कडकपणा साधारण अकरा टक्क्यांवर येतो, द्राक्षाच्या वाइनइतका. शिवाय पाणी घातलेली रम साठवून ठेवता येत नाही. आठवड्याची बचत करून एका रात्रीत संपवणं त्यामुळे बंद झालं. खलाशांनी या पातळ पेयाला त्या म्हाताऱ्याचंच नाव दिलं. ग्रॉग.

गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. पण त्या हुकमात आणखी काही आहे, आणि माझ्या मते ग्रॉगचा खरा अर्थ तिथे आहे. मिसळण्याचं काम कोठारात करायचं नव्हतं. त्यासाठी वेगळं राखलेलं पिंप डेकवर, उघड्यावर ठेवायचं, पहाऱ्यावरच्या लेफ्टनंटने समोर उभं राहायचं आणि कुणाच्या वाट्याची रम कमी होत नाही ना यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे ज्या क्षणी वरचा अधिकारी खालच्या माणसाच्या पेल्यात पाणी ओततो आहे, त्याच क्षणी तो त्याला सांगतोय की बघ, तुझं माप पुरं आहे. आमचे सेकंड इंजिनिअर दोनशे वर्षांनंतर रांगेबद्दल का बोलायचे, ते यात आहे.

तुमच्याकडे याबद्दल काही असेल तर जरूर लिहा. विशेषतः गोवेकरांनी.

---

शब्दवेडी

बंदरकर काका, सुंदर लिहिलंत. ग्रोग्रॅम आणि ग्रॉग यांचं नातं माहीत होतं, पिंप उघड्यावर ठेवायची गोष्ट नव्हती.

एक जोड देते. पिंपाला भोक पाडण्याला "स्कटल" म्हणत आणि मोठ्या पिंपाला "बट". डेकवरच्या त्या भोक पाडलेल्या पिंपाशी खलाशी पाणी प्यायला जमायचे आणि तिथे जहाजभरच्या बातम्या फिरायच्या. म्हणून इंग्रजीत "स्कटलबट" म्हणजे उडती बातमी. आपल्या पाणवठ्यावरच्या गप्पा म्हणा ना!

ग्रॉगी हा शब्दही मजेने प्रवास केलेला आहे. अठराव्या शतकात त्याचा अर्थ सरळ "प्यायलेला". मग पाय लटपटणाऱ्या घोड्याला ग्रॉगी म्हणू लागले, मग ठोसे खाऊन डुलणाऱ्या मुष्टियोद्ध्याला, आणि आता तुमच्या भाचीला.

पण प्रश्न असा: मी कुठेतरी वाचलंय की राजाच्या पिंपांवर जी. आर. अशी अक्षरं असत आणि ग्रॉग हे तशा आद्याक्षरांचं मिळून झालेलं नाव आहे. त्यात तथ्य आहे का?

---

बंदरकर

शब्दवेडीताई, नाही. आद्याक्षरांवरून शब्द बनवायची सवय फार अलीकडची, अठराव्या शतकातल्या खलाशांची नव्हे. जुना शब्द आद्याक्षरांचा आहे असं कुणी सांगितलं की मी आधी संशय घेतो. टोपणनावाची गोष्ट इंग्रजी कोशांनीही स्वीकारलेली आहे.

आणखी एक अशीच चुकीची गोष्ट इथेच निस्तरतो. रमला "नेल्सनचं रक्त" म्हणतात, कारण १८०५ला ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईनंतर ॲडमिरल नेल्सनचा मृतदेह रमच्या पिंपात ठेवला होता, असं सांगतात. तो ब्रँडीच्या पिंपात ठेवला होता.

---

रानवाट

मला वाटतं यातला मोठा मुद्दा राहिला. ग्रॉगमध्ये लिंबू घालायचे म्हणून तर ब्रिटिश खलाशांचा स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, गेला ना? व्हर्ननला त्याचं श्रेय द्यायला हवं.

---

डॉक्टरीण

रानवाट, हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण क्रम उलटा लागतो.

व्हर्ननच्या हुकमात लिंबाचा उल्लेख आहे, पण कसा? जे खलाशी काटकसरी आहेत त्यांनी आपल्या वाट्याच्या खारवलेल्या मांसातून आणि पावातून शिल्लक टाकून त्या बदल्यात साखर आणि लिंबं घ्यावीत, म्हणजे पेय चवीला बरं लागेल, अशी मुभा आहे. लिंबू औषध म्हणून नव्हतं आणि आरमार ते देतही नव्हतं. खलाशाने स्वतःच्या जेवणातून घ्यायचं होतं.

स्कर्व्हीवरचा प्रयोग त्यानंतर सात वर्षांनी, १७४७ साली झाला. सॅलिसबरी या जहाजावरचा सर्जन जेम्स लिंड याने बारा आजारी खलाशी निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालं ती काही दिवसांतच उठून कामाला लागली. तुलना करून औषध तपासायचा हा फार जुना आणि फार देखणा प्रयोग आहे, मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. आणि तरीही आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली ती १७९५च्या सुमारास! मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत किती माणसं उगाच मेली असतील याचा विचार केला की वाईट वाटतं.

तो रस पुढे ग्रॉगमध्येच मिसळून देऊ लागले, म्हणून ही सरमिसळ झाली. एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राकडच्या पिवळ्या लिंबाऐवजी वेस्ट इंडीजचं हिरवं लिंबू घेतलं, ज्यात क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि स्कर्व्हीने पुन्हा डोकं वर काढलं.

---

उसाचारस

मी साखरपट्ट्यातला माणूस. वडील साखर कारखान्यात होते आणि आमच्या लहानपणी गावात शिरलं की मळीचा वास यायचा. रम म्हणजे त्या मळीचंच पेय: साखर काढून उरलेला काळा चिकट द्राव आंबवायचा आणि त्याचं ऊर्ध्वपातन करायचं. कॅरिबियन बेटांवर मळी एवढी निघायची की फेकायची कुठे हा प्रश्न होता, तिथून रम आली.

पण तो ऊस कोण तोडत होतं? आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेले गुलाम. रात्रंदिवस चालणाऱ्या चरकात हात सापडला तर कापून काढायला जवळ कोयता ठेवत. खलाशाच्या मापाबद्दल लिहिताना ही बाजू यायला हवी असं मला मनापासून वाटतं. त्याच्या पेल्यातलं माप पुरं होतं, पण ज्याने ते पिकवलं त्याच्या वाट्याला कसलंच माप नव्हतं.

---

बंदरकर

उसाचारस, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. मी लिहायला हवं होतं, चुकलं. ब्रिटिश आरमाराची नंतरची रम मुख्यतः गयानातल्या डेमेरारा भागातली आणि त्रिनिदादची, म्हणजे सगळी त्याच मळ्यांची जमीन. आणि गुलामगिरी संपल्यावर तिथले मळे चालवायला आपल्याकडची माणसं करारावर नेली, हेही इथल्या अनेकांना माहीत असेल.

---

माडाखाली

देव बरें करूं! गोवेकरांना हाक मारली म्हणून आले.

ग्रॉगच्या आधी समुद्रावरचे इंग्रज जे प्यायचे ते पंच, आणि त्याची गोष्ट आमच्या दारातली आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात या किनाऱ्यावर हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली छापलं. तो लिहितो की नेरूलला सर्वोत्तम अराक होते, आणि इंग्रज त्यापासून पाच जिन्नसांचं एक पेय करतात, ज्याला पाच या अर्थाच्या हिंदुस्थानी शब्दावरून नाव आहे. (हे नेरूल म्हणजे आमच्या बार्देशातलं, नवी मुंबईतलं नव्हे!) दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला असे पाच सांगतात.

आता ग्रॉगकडे बघा. दारू, पाणी, आणि पदरचं असेल तर साखर व लिंबू. मसाला वजा केला की पंचच. व्हर्ननने नवीन चव शोधली नव्हती, खलाशांच्या ओळखीची चव हुकमाने पातळ केली होती, असं मला वाटतं.

अराक हा शब्द अरबी, मूळ अर्थ घाम. भट्टीवरच्या भांड्यातून थेंब थेंब निथळतं म्हणून. मराठीत ओव्याचा अर्क म्हणतो तो हाच, आणि आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा पहिला उतारा येतो तो हुर्राक हाच. फ्रायरच्या वेळची मात्र माडाच्या सुरेची होती. माझे आजोबा रेंदेर होते, माडावर चढून सूर काढायचे, त्यामुळे या विषयावर मी थोडी हळवी आहे.

---

शब्दवेडी

माडाखाली, काय सुरेख प्रतिसाद! फक्त एक नोंद: पंचची "पाच"वाली व्युत्पत्ती सगळे मानत नाहीत. काही जण "पंचन" या पिंपाच्या नावावरून ती लावतात, आणि सतराव्या शतकातला इंग्रजी उच्चार "पाच"शी जुळत नाही असाही आक्षेप आहे. पण शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात इंग्रजी उल्लेख १६३२चा आहे, आणि तो कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कंपनीच्या वखारीला लिहिलेल्या पत्रातला आहे. पेय हिंदुस्थानातलं, याबद्दल मला शंका वाटत नाही. ताडीवरून टॉडी झाली ती तर सर्वमान्यच.

---

एल्बेकाठ

हॅम्बुर्गहून. इथे हिवाळ्यात ग्रॉग मागितला तर गरम पाण्यात रम आणि साखर येते. उत्तर जर्मनीत एक म्हण ऐकली: रम हवीच, साखर चालेल, पाण्याची गरज नाही. बिचारा व्हर्नन! फ्रान्समध्ये सर्दीवर रम, लिंबू, मध आणि गरम पाणी घेतात, तोही ग्रॉगच. ऑस्ट्रेलियात राहिलेला माझा भाऊ सांगतो की तिथे कुठल्याही दारूला ग्रॉग म्हणतात. फिजीत तर कावाच्या मुळांच्या पाण्याला ग्रॉग म्हणतात, ज्यात दारूचा थेंब नाही.

---

मृद्गंध

मला हा धागा वाचताना त्रास झाला, म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्या वडिलांनी दारूपायी घर मोडलं. रोज पाव लिटर रम सरकारच माणसाच्या हातात देत होतं, आणि आपण त्या मापाच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करतोय. ज्याला सवय लावली त्याला पुरं माप देण्यात कसला न्याय?

---

बंदरकर

मृद्गंधताई, तुमचं दुःख मी समजू शकतो, आणि प्रश्न अगदी रास्त आहे. ती सवय आरमारानेच लावली. दारू प्यायल्याबद्दल फटक्यांची शिक्षा आणि प्यायला दारूही तेच देणार, असा तो कारभार होता. व्हर्ननने रमचं प्रमाण कमी केलं नाही, फक्त पाणी वाढवलं, हेही खरं. अमेरिकन आरमाराने १ सप्टेंबर १८६२पासून खलाशांची दारू थांबवली. ब्रिटिशांनी टप्प्याटप्प्याने केलं: १८२४मध्ये संध्याकाळचं वाटप बंद होऊन माप पाव पिंटवर आलं, १८५०-५१च्या सुमारास ते पुन्हा निम्मं झालं. एक अष्टमांश पिंट. आपल्या शेराचं नवटाक, तसा पिंटचा आठवा भाग. पुढे न पिणाऱ्याला त्याबदली दिवसाला तीन पेन्स मिळत, आणि वीस वर्षांखालच्यांना टॉट नसे.

तरी मापाचा मुद्दा मी सोडत नाही, कारण त्याची दुसरी बाजू मी सांगितली नव्हती. जहाजावर धान्य-मांसाचा हिशेब पर्सर ठेवी. खलाशाला तोलून देताना पौंड सोळा औंसांचा नसून चौदाचा धरत. दोन औंस तूट, नासाडी म्हणून पर्सरकडे. प्रत्येक जेवणात, पिढ्यान्‌पिढ्या. १७९७ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पिटहेडला आरमारातल्या खलाशांनी बंड केलं तेव्हा शंभराहून अधिक वर्षं न वाढलेल्या पगाराबरोबर त्यांची मागणी होती की पौंड सोळा औंसांचा द्या. या लोकांसाठी डेकवरचं पिंप ही अशी जागा होती जिथे तोलणारा हात दिसत होता. दारूचं कौतुक मला नाही. हात दिसण्याचं आहे.

---

मृद्गंध

हे आधी लिहिलं असतं तर मी इतकी चिडले नसते. चौदा औंसांचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

माडाखाली

बंदरकर, तुम्ही हात दिसण्याचं म्हणालात त्यावरून आठवलं आणि शोधून काढलं. १६९४ सालचा मुंबई सरकारचा एक हुकूम आहे, खाणावळींसाठी. पंच प्यायला आलेल्या माणसाने एक क्वार्ट चांगली गोव्याची अराक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट चांगला लिंबाचा रस मागावा, आणि आपलं पंच आपणच करावं.

व्हर्ननच्या शेहेचाळीस वर्षं आधी, मुंबईत. जिन्नस मोजून समोर ठेवा, मिसळू दे ज्याचं त्याला.

---

बंदरकर

माडाखाली, हे वाचून मी खुर्चीतून उठलो! या धाग्यावर मला मिळालेली ही सर्वांत मोठी भेट. क्वार्ट तीच, लिंबू तेच, साखर तीच, आणि भीतीही तीच: आड नेऊन कुणी काही मिसळेल.

---

डॉक्टरीण

काका, तुमचे ते सेकंड इंजिनिअर शेवटच्या दिवशी आरमारात होते का?

---

बंदरकर

होते. ३१ जुलै १९७०. त्याआधी जानेवारीत ब्रिटिश संसदेत चर्चा झाली होती: यंत्रं, रडार, क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या माणसाने दुपारी रम प्यावी का? उत्तर उघड होतं, आणि सेकंड इंजिनिअर स्वतः म्हणायचे की निर्णय बरोबर होता. त्या दिवशी काही जहाजांवर लोकांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या, टॉटच्या खोट्या अंत्ययात्रा काढल्या.

त्यांच्याकडे साध्या खलाशांना दोन भाग पाणी घातलेला ग्रॉग मिळे, वरच्या हुद्द्याला कोरी रम. मित्राच्या टॉटमधला एक घोट म्हणजे "सिपर्स", हे तिथलं चलन. कुणी तुमचा पहारा केला, तर त्याला सिपर्स.

त्यांच्या मेसमध्ये एक पोरगा होता, वीस पुरी व्हायला तीन आठवडे कमी. रोज रांगेकडे बघायचा, दिवस मोजायचा. त्या दुपारी सेकंड इंजिनिअरनी आपला टॉट घेतला, पिंपाशी नेहमीसारखी सही झाली, आणि खाली मेसमध्ये येऊन पेला त्या पोराच्या पुढ्यात ठेवला. नियमाविरुद्ध होतं. पोराने आधी पेला तिरका करून उजेडात धरला आणि विचारलं, "हे पुरं आहे ना?"